वीतभर डावीकडे

१७ सप्टेंबर १९८९, रविवार

चुकली! भर सकाळी, दीडशे पावलांवर, बांधावर आडवं उभं असलेलं रानडुक्कर—आणि आबांची गोळी त्याच्या मागं चिखलात! बिथरलेलं ते जनावर पळायचं सोडून सरळ कमळाबाईच्या अंगावर गेलं. ती बिचारी गवताचा भारा बांधत होती. खाली पाडलं आणि सुळ्यानं मांडी फाडली, गुडघ्यापासून पार वरपर्यंत. आतलं हाड दिसलं मला. भिका, तिचा नवरा, कोयता घेऊन बोंबलत धावला तेव्हा कुठं ते नाचणीत घुसलं. त्यांचं कुत्रं आधीच मेलं होतं, आतडी बांधावर पसरलेली.

कंपनीच्या जीपमधून तिला खेरडीहून सिल्वासाला दवाखान्यात आणलं. बेचाळीस टाके. माझा रक्तानं भरलेला शर्ट माझ्या बायकोनं, वर्षानं, न विचारता चुलीत घातला.

भिका आमच्या कंपनीच्या गेटवर रखवालदार. पाच वर्षांपूर्वी मी इथं टूलरूमला लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मेस बंद होती. यानं स्वतःची अर्धी भाकरी दिली होती. आज दवाखान्याच्या पायरीवर बसून उलट मलाच समजावत होता—‘सायब, आबांच्या हातात खोट नाय. बंदूकच म्हातारी झालीय.’

आबा, म्हणजे माझे वडील, जीपमध्ये बंदूक मांडीवर धरून बसले होते.


१८ सप्टेंबर

कामावर गेलो नाही. आज लिहूनच टाकतो. या वहीशिवाय कुणाला सांगणार?

बंदूक म्हातारी झालेली नाही. मी मारलीय तिला.

१९७४. मी एकोणीस वर्षांचा, नाशिकला डिप्लोमाला. दोन-पंचाहत्तर बोअरची ही रायफल आबांनी एका पारशी बागाईतदाराकडून घेतलेली, लायसन त्यांच्या नावावर. पोटच्या पोरापेक्षा लाडकी. नळीत आतून काळे डाग दिसत होते. मला वाटलं, आबांना खूश करावं! वर्कशॉपमध्ये शिकलो होतोच—सळईला पॉलिश पेपर गुंडाळला आणि नळीच्या तोंडाकडून दोन तास घासलं. आरशासारखी चमकली. नळीचं तोंड एका बाजूला झिजलं, ते कुणाच्या लक्षात येणार?

दुसऱ्या दिवशी गोळी वीतभर डावीकडे. दुसरीही. तिसरीही.

आबांनी त्याच सळईनं मला मारलं. आई मध्ये पडेपर्यंत मारलं. पाठीवरचा वळ वर्षाला लग्नानंतर दिसला, तेव्हा मी झाडावरून पडलो म्हणालो. त्या दिवसापासून आबा माझ्याशी थेट बोललेले नाहीत. पंधरा वर्षं! आधी आईमार्फत, आई गेल्यावर वर्षामार्फत. ‘त्याले सांग’, ‘त्याले विचार’. मी समोर बसलेलो असतो, माझ्या ताटातली पोळी त्यांना दिसत असते, तरी त्याले सांग. आणि खरं सांगायचं तर मीही तसाच झालोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आमच्या घरात दोघांत सारखा वाटलाय.

नेमाची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो दाणा, झाळ देऊन पक्की बसवलेली. सरकत नाही. म्हणून आबांनी स्वतःचा हात सरकवला. डुकराच्या खांद्यावर मारायचं तर नेम धरायचा वीतभर उजवीकडे. माझी चूक ते पंधरा वर्षं खांद्यावर वागवतायत. पण नळी झिजतच गेली. आता वीतभराचाही भरवसा राहिला नाही—कधी वीत, कधी हात. काल हातभर गेली.

कमळाबाईची मांडी मी फाडली. डुकरानं नाही.


१९ सप्टेंबर

जेवताना वर्षाला म्हणालो, त्यांना सांग, नळी बदलायची.

आबा तिलाच म्हणाले, ‘त्याले सांग, मी अजून जित्ता आहे.’

‘त्यांना सांग, कमळाबाईपण अजून जिवंत आहे. नशीब!’

आबांनी ताट सरकवलं. वर्षा उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटली. ‘मी काय तुमच्या घरचं टपालखातं आहे का!’ असं ऐकू आलं.

झोपायला जाताना आबा तिला म्हणाले, ‘कधी जायाचं, विचार.’


२४ सप्टेंबर, रविवार

नाशिक. पहाटेच्या एसटीनं, बंदूक खोळीत, लायसन आबांच्या कोटाच्या खिशात. बंदुका दुरुस्त करणाऱ्या वाळू मिस्त्रींचं दुकान अजून तिथंच आहे. आता केस पांढरे, पण बोटं तशीच. नळीत एक नजर टाकून म्हणाले, ‘हे कोणी केलं हो? असं तर दुश्मनसुद्धा करत नाही.’ आबा ओट्यावर पाठ करून चहा पीत होते. पाठ हलली नाही.

मिस्त्रींकडं तीन नळ्या निघाल्या. एक वरून चकाचक, पण मी कंपनीतून आतला व्यास मोजायचं बोअर गेज नेलं होतं. आत घातलं तर मधोमध पोट निघालं—कुणीतरी चिखल अडकलेला असताना गोळी झाडलेली! मिस्त्री हसले. ‘पोरगी बघायला गेज घेऊन गेला होता का रे?’ ती बाद.

दुसरी पातळ, हलकी, अगदी जुन्या नळीसारखी. मोडलेल्या रायफलीतून काढलेली. आतून ठीक. पण पातळ नळी दोन-तीन गोळ्यांत तापते आणि नेम भटकायला लागतो.

तिसरी जाड. दोन इंच लांब, वजन जवळजवळ दुप्पट, परदेशी. ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली. आतले आटे बघताना मला काय वाटलं ते लिहायलाही लाज वाटते—मी तिच्या प्रेमातच पडलो. पोलाद आहे ते पोलाद! ही तापणार नाही, थरथरणार नाही. दोनशे-अडीचशे पावलांवरसुद्धा बोट दाखवाल तिथं भोक.

मिस्त्रींनी हाक मारली, ‘आबासाहेब, तुम्ही सांगा कोणती.’

आबा वळले. दोन्ही हातांत तोलली आणि जाड नळी खाली ठेवली. मिस्त्रींना म्हणाले, ‘पातळ बसवा. बंदूक खांद्यावर घेऊन चालाची राहते. लेथवर नाही बसवाची.’

मी मिस्त्रींना म्हणालो, जाड. ती उचलून मारायची गरजच नाही. बांधावर पोतं ठेवा, त्यावर टेका, आणि मारा. माणसाचा हात मध्ये जेवढा कमी तेवढं बरं.

हे मी आबांच्या देखत म्हणालो. माणसाचा हात! म्हणजे कुणाचा, ते तिघांनाही कळलं. आबांनी कोट अंगावर घेतला आणि म्हणाले, ‘बसवा त्यो म्हणतो ती.’

जिंकलो. परतीच्या एसटीत पेठ गावापर्यंत छाती फुगवून बसलो होतो. मग उगाचच रडू आलं.


३० सप्टेंबर

कमळाबाईच्या जखमेत पू झाला. परत टाके उसवले. भिका ड्यूटीवर उभ्या उभ्या झोपतो.


८ ऑक्टोबर, रविवार

नळी बसली! नाशिकच्या रेंजवर मिस्त्रींनी स्वतः तीन गोळ्या मारल्या. दीडशे पावलं. तिन्ही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील. मी खरंच नाणं ठेवून बघितलं. नवी माशी खाचेत बसवलेली, पितळी पंचानं ठोकून डावी-उजवी करता येते. मिस्त्रींनी ती बरोबर मध्यावर आणून ठेवली.

आबा लांब निंबाखाली उभे होते. बघायला आले नाहीत. मी तो निशाणाचा कागद घडी घालून आणला आणि घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला. सकाळी कागद तिथं नव्हता. फेकला असणार.


९ ऑक्टोबर, खंडेनवमी

टूलरूममध्ये लेथची पूजा. गोकुळनं, म्हणजे माझ्या हाताखालच्या साक्रीकडच्या टर्नरनं, मशिनला इतका हार घातला की चक फिरेना.

घरी आलो तर आबांनी पाटावर शस्त्रं मांडलेली. कोयता, सुरा, आणि रायफल. शेजारी मिस्त्रींनी परत दिलेली जुनी नळी. हळद-कुंकू सगळ्याला. नव्या नळीला मात्र नाही! जुनीला फूल, रायफलीच्या दस्त्याला फूल, नवी नळी कोरडी. माझं डोकंच फिरलं. पाट लाथेनं उडवावासा वाटला. देवाच्या समोर होतो म्हणून वाचला.

रात्री भात वाढताना वर्षा म्हणाली, ‘आबा विचारतायत, सरळ जाते का ती.’

मी म्हणालो, ‘त्यांना सांग, दोऱ्यासारखी.’


१२ ऑक्टोबर

गोकुळला थोबाडीत मारली. जॉब दहा शतांश मिलिमीटर मोठा काढला म्हणून. सगळ्या शॉपसमोर. तो गाल धरून म्हणाला, ‘डुकरना राग मन्हा गालवर काढतस का, साहेब?’

खरं आहे. माफी मागितली नाही. उद्या मागीन.


१३ ऑक्टोबर

मागितली नाही.


१५ ऑक्टोबर, रविवार

डुकरानं भिकाची कालवड मारली. दाव्याला बांधलेली, पळणार कुठं? पोट फाडून तशीच टाकली, खाल्लीसुद्धा नाही. अर्ध्या भाताचा चिखल केलाय. वीस वर्षांत असं जनावर बघितलं नाही म्हणतो भिका. ‘डुक्कर नाय सायब त्यो, खवीस हाय. मी त्याला ओळखतो न् त्यो मला.’

कालवड पुरताना भिका रडला नाही. मी खड्डा खणला त्याच्याबरोबर. फावडं मारताना प्रत्येक वेळी डोळ्यांपुढं त्या डुकराचा खांदा आणत होतो. मला ते हाड फुटलेलं बघायचंय. आवाज ऐकायचाय. इतका जीव कुणाचा घ्यावासा वाटला नव्हता कधी. डुक्कर मारायचा कचेरीचा परवाना ३१ तारखेपर्यंत आहे.

ठरलं, येत्या रविवारी. भात कापायच्या आत.


१९ ऑक्टोबर

सकाळी लवकर जाग आली. डोकमर्डीतल्या या क्वार्टरच्या मागं कंपाऊंडची भिंत आहे. आबा मागच्या अंगणात, तांदळाच्या पोत्यावर रिकामी रायफल टेकून बसलेले. भिंतीवर खडूचा ठिपका. मी खिडकीतून मागून बघत होतो, त्यांना कळलं नाही.

नळी ठिपक्याच्या उजवीकडं! वीतभर, मोजून. मग मधे आली. पुन्हा उजवीकडं. पुन्हा मधे, पुन्हा उजवीकडं. ठरतच नाही. पंधरा वर्षांची सवय, हात ऐकेल कसा? समोर डुक्कर आलं, छाती धडधडायला लागली, की हात उजवीकडंच जाणार. आणि ही नळी तर जिथं धराल तिथंच मारणार. म्हणजे पुन्हा चुकणार! आणि या वेळी वीतभर उजवीकडं.

सांगावं का? काय सांगावं—आबा, तुमचा हात अजून माझ्या चुकीत अडकलाय? सांगून ऐकणारे असते तर पंधरा वर्षं गेली नसती.


२० ऑक्टोबर, शुक्रवार

आबा दाढी करायला बाजारात गेले. वर्षा शेजारी. मी केलं.

हिशोब सोपा. दीडशे पावलं म्हणजे एकशेवीस मीटर धरले. एक वीत बावीस सेंटिमीटर. नेम धरायच्या मागच्या खाचेपासून माशीपर्यंत साठ सेंटिमीटर. माशी सरकवायची एक पूर्णांक एक दशांश मिलिमीटर, उजवीकडं. म्हणजे गोळी जाईल वीतभर डावीकडं, जुन्या नळीसारखी. आबांनी सवयीनं उजवीकडं धरली की गोळी बरोबर खांद्यात! पितळी पंच, छोटा हातोडा, चार टिचक्या. व्हर्नियरनं मोजलं. एक पूर्णांक एक.

त्यांना कधी कळणारही नाही. डुक्कर पडेल, ते म्हणतील नळी चांगली आहे. कदाचित मलाच म्हणतील. थेट.

झाडून बघायला हवी होती. टूलरूममध्ये कुणी असं न तपासता जॉब पुढं ढकलला असता तर मी त्याला हाकललं असतं. पण झाडायची कुठं? आणि आबांना काय सांगायचं? हिशोब तर बरोबर आहे. तीनदा केला.


२२ ऑक्टोबर, रविवार

भिका मेला.


२३ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

उजाडता उजाडता खेरडीला पोचलो. धुकं नव्हतं. आबांनी बांधावर पोतं ठेवलं, त्यावर नळी टेकली आणि पालथे झोपले. मी त्यांच्या उजव्या हाताला. भिका कोयता घेऊन पलीकडच्या बाजूनं नाचणीत आवाज करणार, डुक्कर उघड्यावर येणार, असं ठरलेलं. डुक्कर दिसेपर्यंतच. मग त्यानं आंब्याआड थांबायचं.

डुक्कर आलं. पण उघड्यावर नाही आलं. वळलं आणि भिकाच्याच अंगावर गेलं. भिका आंब्याकडं पळालाच नाही! उभा राहिला. कोयता वर करून, शिव्या देत. पहिला घाव त्यानं डुकराच्या मानेवर घातला, तो मी बघितला. रक्त उडालं. मग त्याचा पाय चिखलात घसरला. डुकरानं त्याला खाली घेतलं आणि मुसंडी मारत राहिलं, एकदा, दोनदा, भिकाचा आवाज माणसाचा राहिला नाही.

मी ओरडलो, ‘मारा!’

आबा दगडासारखे स्थिर होते. हात हलला नाही, श्वाससुद्धा नाही. डुक्कर भिकाच्या छातीवर आडवं, त्याचा खांदा आमच्याकडं, आणि खांद्याच्या डावीकडं—वीतभर—भिकाचं डोकं न् गळा.

चाप ओढला.

आवाज दोनदा आला, एक बंदुकीचा, एक तिकडचा. भिका एकदम गप्प झाला. डुक्कर दचकलं, उडालं आणि नाचणीतून निघून गेलं. अंगावर फक्त कोयत्याचा घाव घेऊन.

मी पोचलो तेव्हा गळ्यात भोक होतं, मागच्या बाजूला काहीच उरलं नव्हतं. कोयता मुठीत तसाच. मी हातानं भोक दाबलं. कशाला दाबलं, माहीत नाही. गरम होतं. किती वेळ दाबून बसलो तेही माहीत नाही. मागं वळून बघितलं तर आबा चिखलात उभे होते आणि नळीकडं बघत होते.


२४ ऑक्टोबर

पंचनामा झाला. रायफल लाखेची मोहर लावून नेली. माशी कुणी मोजली नाही. कोण मोजणार?

आबांनी एवढंच लिहून दिलं—माझा नेम चुकला. वय एकाहत्तर. त्यांना नेलं तेव्हा मी दारात उभा होतो. इन्स्पेक्टरनी मला विचारलं, ‘आपको कुछ कहना है?’

मी नाही म्हणालो.

रात्रभर एकच विचार. उजवीकडं का नाही धरली त्यांनी? पंधरा वर्षांत उजवीकडं धरायला एकदा विसरले नाहीत, आणि नेमकं त्याच वेळी? धरली असती तर डुकराचा खांदा फुटला असता, भिका आज दवाखान्यात असता, मला शिव्या देत. मी बघत होतो, हात हलला नव्हता! म्हातारपणी नजर गेली म्हणावं, तर खडूचा ठिपका दिसतच होता की. की शेवटच्या क्षणी हात भ्याला? मनात आबांनाच दोष देतोय मी. हे लिहितानाही देतोय.


२५ ऑक्टोबर

खेरडीला गेलो होतो. कमळाबाई खाटेवर, पाय सरळ करता येत नाही तिला. मला बघून म्हणाली, ‘म्हाताऱ्याला काय करू नका. त्यो वाचवायला गेला व्हता.’

माझ्या तोंडात आलं होतं सगळं. पाणी पिऊन परत आलो.

गोकुळ आला होता मयताला. त्यानं मला टेकायला खांदा दिला. त्याची माफी मागितली आज. त्याला कशाची ते आठवेना.


२७ ऑक्टोबर

डुक्कर पुन्हा आलं. उरलेलं भातही गेलं.


२९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

घरात दिवा लावला नाही. वर्षा डबा घेऊन आबांना भेटून आली. त्यांचा कोट बरोबर आणला, तिकडं ठेवू देत नाहीत म्हणून. खिशात चष्म्याच्या घरात चार घड्या घातलेला कागद—निशाणाचा. तीन भोकं. घड्यांवर फाटायला आलाय, इतक्या वेळा उघडलेला.

वर्षा म्हणाली, आबा रोज सकाळी उठून हात सरळ करायचा सराव करत होते. तुला सांगू नको म्हणाले होते. ‘त्याले सांगू नको, पोराची नळी आहे, पोराच्या भरवशावर मारून दाखवतो.’

आणि आज निरोप दिलाय. तिनं जसा सांगितला तसाच लिहितो—‘जुनी नळी असती तर भिका मधे असताना मी चाप ओढलाच नसता. त्यो म्हणाला दोऱ्यासारखी सरळ जाते, म्हणून ओढला. सरळ धरली होती. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. मग डावीकडं कशी गेली, एवढं विचार त्याले.’

वर्षा दारात उभी आहे. चार वाजता पुन्हा भेटू देतात म्हणते. विचारतेय, ‘काय सांगू त्यांना?’